सासूबाईंच्या डोक्यावरची माळ

माझ्या सासूबाई कौसल्याबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, राजूरला काविळीची माळ घालायच्या. घेटुळीच्या मुळीचे तुकडे दोऱ्यात गुंफून रोग्याच्या डोक्यावर ठेवायच्या. मुळी वाळली की दोरा सैल पडतो, बारा दिवसांत माळ गळ्यात येती; मंग म्हणायचं, कावीळ उतरली. चतुर्थीला गणपतीचं दर्शन उरकून लोक आमच्या ओट्यावर यायचे. माळ फुकट, पण पथ्य कडक. तेल न्हाई, मीठ न्हाई. मोडलं तर माळ उतरायची न्हाई, असा दम. सरपंचालासुद्धा बारा दिवस आळणी खायला लावलं बाईनं.

अन् दोन हजार तीन साली त्यांच्याच पित्ताशयात खडे निघाले. दर आठ दिवसाला पोट धरून लोळायच्या. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "जुनी कावीळ आतल्या आत राहिली, लिव्हर कडक झालंय. मोठी चीर दिली तर रक्त थांबणं अवघड. दुर्बिणीनं करू, चार छोटी भोकं पाडून. पण पोटात पाणी झालंय, ते उतरल्याशिवाय मी हात लावणार नाही. गोळ्या घ्या, मीठ बंद. महिन्यानं या."

आत्याबाईंनी बराबर मुंडी हलवली अन् दुसऱ्याच दिवशी लोणच्याच्या बरणीपाशी सापडल्या.

"फोड न्हाई खाल्ली, नुसता खार चाखून राह्यले," म्हणाल्या.

मी बरणी लपवली, तर शेजारच्या पुष्पाबाईकडं जाऊन पापड खाऊन आल्या. चौथ्या दिवशी पाय सुजले. मला रडू आलं अन् रागही. जगाला पथ्य शिकवणारी बाई पापडापायी मरती की काय.

मंग मी मुळी आणली, माळ गुंफली अन् त्यांच्याच डोक्यावर ठेवली.

"मला? अगं, ही सैल कशानं पडती ते मला ठाऊक हाय."

"तुम्हाला हाय. गावाला न्हाई. आता बघू कोण पापड देतंय."

अख्खं राजूर त्यांच्या दमात वाढलेलं. माळ दिसली की पुष्पाबाई ताट झाकायची. हॉटेलवाले तातेराव म्हणायचे, "माळ उतरू द्या, मंग प्लेटभर भजे देतो." सरपंच तर रोज वाट वाकडी करून विचारायचे, "पथ्य चालू हाय ना, कौसल्याबाई?" आत्याबाई नुसत्या दातओठ खायच्या.

बारा दिवस गेले, माळ उतरली न्हाई. वीस गेले, तरी डोक्यावरच. मला वाटलं, दोरा घट्ट गुंफण्यात आपला हात सासूपेक्षा चांगला बसला. चार बायांना सांगूनही आले.

महिन्यानं जालन्याला गेलो. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. पाणी उतरलं होतं. ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी आत्याबाई खाटेवर बसून भेटायला येणाऱ्याला पोटावरच्या चार पट्ट्या दाखवून राह्यल्या होत्या, जशा काही नव्या पाटल्या.

गर्दी पांगल्यावर मी म्हटलं, "बघितली ना माझी माळ? महिनाभर हलली न्हाई."

त्या पोट धरून हसल्या. "बाराव्या दिवशी गळ्यात आल्ती. तू रानात गेल्ती. मीच दोरा आवळून परत वर ठेवली. नंतर अजून दोनदा."

"कशापायी?"

"उतरली असती तर मी तातेरावच्या भज्यांवर गेले असते. मला माझी जीभ माहीत हाय." थोडा वेळ त्या पट्ट्यांवरून हात फिरवत राहिल्या. "मला मरायचं नव्हतं, उषा."