हॉलमधले बेचाळीस जण

पेणला आम्ही पहिला ब्लॉक भाड्याने घेतला, तेव्हा त्याच्या हॉलमध्ये आधीच बेचाळीस जण राहत होते.

सगळे गणपती. ब्लॉकचे मालक दामूअण्णा, मूर्तिकार. कारखान्यात जागा पुरेना, म्हणून ओल्या मूर्ती वाळायला इथे आणून ठेवलेल्या. "पंधरा दिवसांत उचलतो वहिनी," म्हणाले. "तोवर एकाही नगाला हात लावायचा नाय. लावलात, तर मी दुसरा भाडेकरू बघीन." (कच्च्या मूर्तीला ते नगच म्हणतात.)

मी मान डोलावली. का नाही डोलावणार? रोह्याला नऊ वर्षं एका खोलीत काढलेली, सहा बिऱ्हाडांत एक नळ. नव्वद सालानंतर पेणात रोज एक नवी बिल्डिंग उगवायची, तरी आमच्या वाटेला ब्लॉक येईना. हा आला, आणि स्वयंपाकघरात नळ! मी तो नुसता सोडायचे आणि बंद करायचे. (पाणी नव्हतं. पण नळ तर होता.)

हे कंपनीत पहिल्या शिफ्टला गेले, की घर माझं आणि त्या बेचाळिसांचं. दुपारी खाडीकडचा वारा गॅलरीतून आत यायचा, पडदा फुगायचा, उन्हाचा पट्टा एकेका पांढऱ्या पोटावरून हळूहळू सरकत जायचा, आणि मधोमध चटईवर मी आडवी. झोपलेय की जागी, माझं मलाच कळायचं नाही. वाटायचं, ढगांतच भाड्याने जागा मिळालीय. फर्निचर कुठे ठेवावं, तेही मी त्यांनाच विचारायचे. (फर्निचर म्हणजे एक पेटी आणि एक स्टूल.)

गॅलरीच्या दाराशी एक वीतभर गणपती होता. डोळे अजून कुणाचेच काढले नव्हते; ते काम अगदी शेवटचं. पण त्या गुंगीत मला वाटलं, इतक्या मोक्याच्या जागी बसवलंय पोराला, आणि बिचाऱ्याला दिसत काही नाही. उठले, आणि तान्ह्या बाळाला घालतात तसं बोटाने काजळ घातलं.

मूर्ती ओली, काजळ पसरलं. एक डोळा वर गेला, एक गालावर उतरला. सारखे करायला गेले, तर दोन्ही बशीएवढे झाले. बाप्पा माझ्याकडे असे बघायला लागले, जणू भाडेकरू म्हणून मी त्यांनाच पसंत नव्हते.

आता देव डोळे उघडून बघतोय आणि आपण समोर नुसतं लोळायचं? बरं दिसत नाही. दिवा लावला, कुंकू लावलं, गूळखोबरं ठेवलं. टाळ्या वाजवून आरती म्हणत होते, तेवढ्यात दारात दामूअण्णा.

ते वाकून त्या वीतभर मूर्तीपाशी आले.

"वहिनी, हे डोळे कुणी काढले?"

"पुसते मी."

"आता काय पुसता? कुंकू लावलंत, निवद दाखवलात. नग होता, त्याचा देव केलात. बसवलेला देव मी विकू कुणाला? सामान बांधा तुम्ही."

नळ माझ्या डोळ्यांपुढून तरंगत गेला. म्हटलं, "बांधते. पण अण्णा, बाप्पा बसलेल्या घराला कुलूप घालतात का? त्याला एकट्याला टाकून जाऊ कशी?"

पेणचा मूर्तिकार तो, याला नाही कसं म्हणेल? डोकं खाजवत राहिले. "व्हय, ते खरं. मग कितीचा बसवलात? दीड दिवसाचा, का पाचाचा?"

विसर्जन झालं की आम्ही रस्त्यावर, एवढं मला कळत होतं. यांनी सही केलेला भाड्याचा कागद आठवला.

"अकरा महिन्यांचा," मी म्हटलं.

अण्णा मटकन स्टुलावर बसले, आणि मग त्यांचं हसू थांबेना. "राहा गो बाय," म्हणाले, "तू पण राहा न त्यो पण राहू दे." उरलेले एकेचाळीस मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी हलवायचे ठरवले. माझ्या बोटांवर भरवसा नव्हता.

चार वाजता हे आले. हातात पिशवी, पिशवीत ताजे बोंबील. मी दारातच अडवलं.

"आत आणू नका. घरात बाप्पा बसलेत."

"कधीपर्यंत?"

सांगितलं. हे पिशवी मांडीवर घेऊन जिन्यात बसले.

"अगो, दीड दिवसाचा म्हणाली असतीस तर काय झालं असतं?"

"ब्लॉक गेला असता."

"रोह्याची खोली काय वाईट नव्हती," हे म्हणाले.

बोंबील शेजारणीला दिले. तिने लगेच तळायला घेतले, आणि वास वाऱ्याबरोबर अलगद आमच्या हॉलमध्ये आला. मी आरतीला हात जोडले, डोळे मिटले, आणि देवाशपथ सांगते, मिटल्या डोळ्यांपुढे बाप्पा काही आला नाही. बोंबील आले.