अण्णासाहेबांच्या ओट्यावरची बरणी

आष्टीजवळच्या एका गावात चतुराबाई भोई राहायची. एक्याऐंशी साली लग्न होऊन आली, तेव्हापासून गावतळ्यात माशाचं बी वाढवायचं हाच तिचा धंदा. बारीक शेवाळानं पाणी हिरवं झालंय का, हे ती ओंजळीत घेऊन पाहायची आणि मगच बी सोडायची. त्या हिरव्यावरच पिल्लं जगतात. बाई कष्टाळू, पण तिच्या जिभेला हाड नव्हतं.

पुढं लागोपाठ तीन वर्षं पावसानं दगा दिला. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात तळाला पाय अडकतील एवढ्या भेगा पडल्या. सरपंच अण्णासाहेबांनी ठरवलं, मेलेलं तळं बुजवू आणि तिथं आठवडी बाजार भरवू. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. चतुराबाई ग्रामसभेत उठली. तळं मेलेलं नाही, त्याच्या सुक्या मातीत पाणी घाला, बारा दिवसांत हिरवं होतं की नाही बघा, नाही झालं तर पुन्हा तोंड उघडणार नाही, असं ती बोलून बसली.

आणि लगेच घोडचूक केली. तळ्याच्या मातीला मान द्यावा म्हणून तिनं देवापुढचा तांब्याचा कलश लख्ख घासला, त्यात ढेकूळ टाकलं, पाणी ओतलं, उन्हात ठेवलं. बाराव्या दिवशी सभेत पाहिलं, तर मातीवर नितळ पाणी. लोक खदाखदा हसले.

घरी सून उषाबाई म्हणाली, "आत्याबाई, तांब्यात कवा शेवाळ धरतं का? म्हणून तं आपण प्यायचं पाणी त्यात ठिवतो."

चतुराबाईनं कपाळावर हात मारला. जन्मभर तांब्याचा हंडा वापरून हे सुचू नये, याचा तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती अण्णासाहेबांच्या ओट्यावर गेली. लोणच्याची रिकामी काचेची बरणी पुढ्यात ठेवली. माती तुम्हीच उकरा, पाणी तुमच्याच घरचं, उकळून गार केलेलं घाला, म्हणजे हिरवं आलं तर ते मातीतूनच आलं हे कळेल, बरणी तुमच्याच ओट्यावर उन्हात ठेवा, मी बोटसुद्धा लावणार नाही, म्हणाली. चार माणसं ऐकत उभी होती, त्यामुळं अण्णासाहेबांना नाही म्हणता येईना.

आठ दिवस काहीच झालं नाही. चतुराबाई रोज ताठ मानेनं समोरून जायची, आत मात्र जीव टांगणीला लागलेला. नवव्या दिवशी काचेवर फिकट हिरवी झाक आली. बाराव्या दिवशी बरणीतून पलीकडचं दिसेना.

अण्णासाहेब बरणी ओट्यावरच ठेवून सभेला रिकाम्या हातानं आले. बरणीभर हिरव्यानं तळं थोडंच भरतं, म्हणाले.

"भरायचं काम पावसाचं हाय," चतुराबाई म्हणाली. "तळं मेलं म्हणून बुजवून राह्यले ना तुमी? मंग ते तुमच्याच ओट्यावर जितं निघालं. जित्यावर माती टाकायची आसंल तर पहिली पाटी तुमी टाका, अण्णा. मी बघत उभी राहते."

 अण्णासाहेबांनी तळं बुजवायच्या ठरावाचा कागद घडी घालून खिशात ठेवला, तो पुन्हा कधी बाहेर काढला नाही.