मागं राहिलेले ओठ

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, बाळंतपणानंतरच्या तापात ऐकू येईनासं झालं. बोलणं शाबूत राहिलं; दुसऱ्याचं ती ओठांवरून ओळखते. तिची एकुलती मुलगी पुण्यात नोकरीला. दर रविवारी अक्का मंठाळहून हुलसूरला माझ्या घरी यायची आणि माझ्या लॅपटॉपवर लेकीशी बोलायची. फोनच्या पडद्यावर ओठ फार लहान दिसायचे.

एका रविवारी संध्याकाळी, अक्का परत गेल्यावर, भाचीचा मला फोन आला.

"मामा, आईला तीनदा सांगितलं, मला ते स्थळ नको. ती नुसती हसून 'ये, ये' म्हणायलीय. कामून असं करायलीय ती?"

मी शेजारीच बसलेलो असायचो, पण मोबाइलमध्ये डोकं घालून. त्या दिवशी तिला लॅपटॉपवर परत फोन करायला लावला आणि पहिल्यांदा तिच्या तोंडाकडं बघितलं. आवाज नीट येत होता. चित्र मात्र अडखळत होतं. ओठ मिटलेले असायचे आणि शब्द येऊन गेलेला असायचा. लॅपटॉपचा पंखा घरघरत होता.

चूक माझीच होती. काही महिन्यांपूर्वी व्हिडिओवर हिरवे पट्टे यायचे, तेव्हा हुमनाबादच्या दुरुस्तीवाल्याच्या सांगण्यावरून मी ब्राउझरमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद केलं होतं. त्यामुळं चित्र उलगडायचं काम ग्राफिक्सच्या चिपकडून निघून सगळं प्रोसेसरवर पडलं होतं, आणि जुन्या प्रोसेसरला ते झेपत नव्हतं. पुढं ती चिप चालवणारा ड्रायव्हर नवा घातला, त्यानं पट्ट्यांचं कारणच गेलं, तरी ते बटण पुन्हा चालू करायचं मी विसरलो. आता सेटिंगमध्ये जाऊन ते चालू केलं, ब्राउझर बंद करून उघडला. पट्टे आले नाहीत. पंखाही शांत झाला.

पुढच्या रविवारी भाची पुन्हा म्हणाली, "आई, मला ते स्थळ नको."

अक्का पडद्याजवळ वाकली. मग म्हणाली, "आधी कामून सांगितली न्हाईस?"

"सांगितलं की. तीनदा."

अक्कानं माझ्याकडं बघितलं. तिला दिसेल असं, सावकाश, मी झालेलं सांगितलं. ती परत पडद्याकडं वळली. लेकीला म्हणाली, "बरं. तुझ्या अप्पाला मी सांगते."

तिनं सांगितलं. चार दिवसांनी दाजींनी स्वतःच पाहुण्यांना नकार कळवला.

पाहुण्यांचं मिटल्यावर मी अक्काला विचारलं, "ओठ कळत न्हाईत म्हणून मला बोलायचं तरी."

"मला वाटलं, कान गेले तसे आता डोळेबी चाललेत," ती म्हणाली. "लेकीला काय सांगू ते?"

इतके महिने ती अंदाजानं हसत होती, अंदाजानं हो म्हणत होती. मी तिला बसवकल्याणला नेऊन डोळे तपासून आणले. डोळ्यांत काहीच दोष नव्हता.