गार्डमामांच्या दोन झेंड्या

आमच्या खुटबावच्या टीमनं आजवर किती मॅच जिंकल्या विचारा, कुणालाही सांगता येणार नाही. पण कुठल्या मॅचला कुणी कुणाला खोटं आउट दिलं, हे घरातल्या बायकांनासुद्धा पाठ! कुरकुंभला फर्स्ट शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमध्ये आम्ही चौघं-पाचजण बसतो. बस गेटबाहेर पडायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "त्या दिवशी तो नो बॉल नव्हताच!" मग गाव येईपर्यंत दुसरा विषय नाही.

*

आमच्याकडं टेनिस बॉलच्या मॅचला अंपायर बॅटिंगवाल्या टीमचाच उभा राहतो. गावोगाव हीच पद्धत. त्यामुळं एलबीडब्ल्यू नावाचा प्रकार आम्ही फक्त टीव्हीवर बघितलाय.

आमचा कॅप्टन बाळूदादा एकदा अंपायर होता आणि बॅटिंगला त्याचा सख्खा भाऊ. पहिल्याच बॉलला मधला स्टंप उडून थेट कीपरच्या पायाशी पडला. बाळूदादा शांतपणे म्हणाला, "नो बॉल."

बॉलर खवळला. "मग आधी हात का न्हाई केला?"

"करणारच व्हतो. तूच स्टंप पाडायची घाई केली!"

*

शेवटी दोन्हीकडच्यांनी ठरवलं, त्रयस्थ माणूस उभा करायचा. मैदानाला लागून ज्यांचं कांद्याचं रान आहे, ते आबा तयार झाले. आबांना क्रिकेट कळत नव्हतं, पण गावात त्यांच्या शब्दाला मान होता.

तिसऱ्या ओव्हरला आमच्या संज्यानं उचलून फटका मारला. बॉल अजून हवेत होता, तोंड कांद्याकडं. आबांनी बोट वर केलं!

"आबा, सिक्स हाय ती! खाली तर पडू द्या!"

"पडल्यावर काय आउट दिऊ? माझं रोप मोडल्यावर?"

त्या दिवशी सगळे झाडून जमिनीलगत खेळले. पुण्याहून कोच आणला असता तरी आमची बॅटिंग इतकी सुधारली नसती.

*

मग संज्याच्या डोक्यात थर्ड अंपायर आला. स्वतः बाउंड्रीवर मोबाईल घेऊन उभा, सगळी मॅच शूट करणार. आमचाच एकजण रनआउट झाला की नाही यावरून भांडण पेटलं. दोन्ही टीम मोबाईलभोवती गोळा. व्हिडिओ लावला, तर स्क्रीनभर संज्याचंच तोंड! सेल्फीचा कॅमेरा चालू राहिला होता. "गेला, गेला! आयला, गेला!" असं ओरडताना तो मात्र अगदी स्पष्ट दिसत होता.

समोरच्या कॅप्टननं मोबाईल शांतपणे परत दिला. "तुमचाच माणूस गेला म्हणतोय. आउट!"

*

त्यानंतर आले गार्डमामा. दौंडचे, रेल्वेत गार्ड होते, रिटायर झालेले; नात्यातले कुणाचेच नाहीत, पण सगळे मामाच म्हणायचे. मामा बोटबीट काही वर करायचे नाहीत. हातात दोन झेंड्या घेऊन उभे राहायचे. लाल म्हणजे आउट, हिरवी म्हणजे नॉट आउट. प्रत्येक बॉलच्या आधीसुद्धा हिरवी दाखवायचे, त्याशिवाय बॉल टाकायचा नाही! कुणी बॉलर आधीच पळत सुटला तर कचकचीत शिट्टी. "थांब! मी झेंडी दाखवली का? मग निघाला कसा?"

मॅच संपता संपत नसे, पण भांडण मिटलं ते मिटलंच.

माझी पंचाईत वेगळीच होती. मामांच्या मुलीशी, प्रियांकाशी, माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. बघण्याचा कार्यक्रम झाला होता, पत्रिका जुळली होती. महिना झाला तरी मामा एकच सांगायचे, "विचार करून कळवतो." मला तर ती पहिल्या भेटीतच आवडली होती. घरी फोन वाजला की सगळ्यांच्या आधी मीच धावायचो.

*

त्यातच शिरूरकडच्या एका टीमशी आमची फायनल लागली. दोन बॉल बाकी, दोन रन हवे, शेवटची विकेट आणि स्ट्राइकवर मी. अंपायर मामा.

बॉल बॅटची कड घेऊन कीपरच्या हातात गेला. नेमका त्याच वेळी कॉमेंट्रीवाल्याचा स्पीकर असा किंचाळला की मामांनी झेंड्यांसकट हात कानांवर ठेवले. समोरचे अकराच्या अकरा अपील करतायत आणि मामांना बॅटचा आवाज ऐकूच आलेला नाही! खात्री नसताना झेंडी दाखवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते चालत माझ्यापाशी आले.

"बॅट लागली का रं?"

मागून बाळूदादा ओरडला, "न्हाई म्हण! न्हाई म्हण लवकर!"

खरं सांगतो, 'नाही' म्हणायलाच मी तोंड उघडलं होतं. पण मामा माझ्याकडं असे बघत होते की जीभच वळेना.

"लागली, मामा."

लाल झेंडी वर गेली. आम्ही हरलो.

टेम्पोत चढायला गेलो तर बाळूदादानं मागचं फळकं वर लावून टाकलं. "तू ये तुझ्या अंपायरसंगं!" टेम्पो खरोखरच निघून गेला.

मामांनी मला स्कूटरवर मागं बसवून थेट दौंडला घरी आणलं. प्रियांका दारातच होती. मामांनी दोन्ही झेंड्या तिच्या हातात दिल्या.

"ह्यानं आज सोताला आउट दिलं. माझा विचार झाला. आता तू ठरव. घाई न्हाई."

प्रियांकानं मला आपादमस्तक न्याहाळलं. अंगभर धूळ, हातात बॅट.

"कितीनं हरला?"

"एका रननं."

ती झेंड्या घेऊन आत गेली. मामांनी पेपर उघडून तोंडापुढं धरला. मी खुर्चीच्या कडेवर टेकलो आणि आतल्या भांड्यांचे आवाज ऐकत राहिलो.

बऱ्याच वेळानं चहाचा ट्रे आला. कपबश्यांच्या खाली, काठी काढून, घडी मोडून नीट अंथरलेली होती हिरवी झेंडी.