ओट्यांचे फोटो काढणारे आप्पा

भररस्त्यात उभे राहून, पायांतल्या चपला काढून, मगच समोरच्या घराचे छायाचित्र घेणारा मनुष्य मी एकच पाहिला. शिरूरच्या जुन्या बाजारातील आमच्या आळीत आप्पांचा फोटो स्टुडिओ होता. पोटासाठी ते लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो काढीत. सकाळचे ऊन तिरपे असेपर्यंतचा वेळ मात्र आळीचा. कोरीव तुळया, खिडक्यांचे गज आणि सर्वांत अधिक, घरांपुढचे दगडी ओटे. “वटा म्हंजी घराची मांडी,” ते म्हणत. “घर वळखायचं आसंल तर मांडीवर कोण बसलंय ते बघावं.”

मी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. गटार तुंबले, दिवा बंद पडला, की नगरपालिकेच्या कार्यालयास माझे पत्र जाते. आप्पा त्यावरून टोमणे मारीत. “शिरस्तेदार, तुमच्या अर्जांचा बी फोटू काढतो. हापिसात वाचत कुणी न्हाई, निदान बघतील तरी!”

गेल्या गणपतीत मंडळाने आप्पांची छायाचित्रे मांडवात लावली. आपल्या ओट्यावर मोड आलेली मटकी विकणारी सरूबाई, हे त्यांतले सर्वांत मोठे. त्याखाली आप्पांनी कौतुकाने लिहिले होते : ‘घर गप्पा मारायला रस्त्यावर आलंय.’ सरूबाई आरतीला येई आणि देवाऐवजी स्वतःकडेच पाहत राही.

“आप्पा, मला लई काळी काढली वो!”

“मटकी कशी गोरी आलीया ते बघ की!”

दिवाळीनंतर एके सकाळी नगरपालिकेच्या त्याच कार्यालयाचे अभियंते जेसीबी घेऊन आळीत आले. त्यांच्या मोबाइलमध्ये मांडवातली छायाचित्रे होती. “घर रस्त्यावर आलंय, हे तर तुम्हीच लिहून दिलंय,” असे आप्पांना हसत ऐकवून त्यांनी सरूबाईचा ओटा पाडला. नोटीस नाही, सुनावणी नाही, मोजणी नाही! अतिक्रमण भूमापनाने सिद्ध होते, गणपतीच्या मांडवातील कौतुकाच्या ओळीने नव्हे. हे मी तिथेच ओरडून सांगितले. यंत्राच्या घरघरीत कोणी ऐकले नाही. उरलेले ओटे पुढच्या आठवड्यात, असे बजावून ते निघून गेले.

सरूबाई ढिगाऱ्यातून मटकीची पाटी ओढीत होती. आप्पा मदतीला वाकले.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “तुमी कौतिक केलं का कायतरी जातंया.”

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला. उरलेले ओटे वाचवायचे, तर ते किती जुने आहेत हे दाखवणे भाग होते; आणि तो पुरावा आप्पांच्या पेटीत होता. आळीचा रस्ता डांबरी होण्याआधी त्यांनी तरुणपणी घेतलेल्या निगेटिव्हमध्ये एकेक ओटा जसाच्या तसा होता. मी जवळजवळ धावतच स्टुडिओत गेलो.

मागच्या अंगणात घमेल्यात राख होती. जळलेल्या फिल्मचा उग्र वास घशात बसला.

“समदं जाळलं, शिरस्तेदार. जुनं बी, नवं बी. कम्प्युटरमधलं पुसून टाकलं,” आप्पा म्हणाले. डोळे सुजलेले होते, पण चेहरा ओझे उतरल्यासारखा. “आता माझ्या फोटूपायी कुणाचा वटा जायचा न्हाई. बरं केलं ना?”

माझ्या हातात ‘सोबत : जुनी छायाचित्रे’ असे लिहिलेला अर्ज होता. चूक दिसली आणि मी बोललो नाही, असे माझ्या आयुष्यात तोवर घडले नव्हते.

“बरं केलंत, आप्पा,” मी म्हणालो.

‘सोबत’ची ओळ खोडून मी अर्ज तसाच पाठवला; तरी उरलेले ओटे ठरल्याप्रमाणे पाडले गेले. आप्पा स्टुडिओच्या दारात उभे होते. “हे माझ्यापायी न्हाई ना?” त्यांनी विचारले. मी मान हलवून नाही म्हटले.

उन्हाळ्यात आप्पा गेले. त्यांच्या तेराव्यानंतर माझ्या अर्जाला कार्यालयाचे उत्तर आले : ओटे पूर्वापार असल्याची छायाचित्रे उपलब्ध असल्यास सादर करावीत.