मान-चूचा दुसरा आवाज

लू मान-चूला दोन आवाज होते. एक घरचा, जरा घोगरा, बाजारात भाव पाडणारा आणि आईशी भांडणारा. दुसरा कामाचा. तो लागला की युनलिनच्या किनाऱ्यावर मयताला आलेली परकी माणसंही डोळे पुसायला लागायची.

भाड्यानं लेक होणं हे तिचं काम. कुणाकडे मयत झालं, की पांढरे कपडे घालून, माइक हातात धरून ती दारापासून शवपेटीपर्यंत गुडघ्यांवर रांगत जायची आणि हाका मारायची. सख्ख्या लेकी लांब राजधानीत, तैपेईत नोकरीला, त्यांना मेलं रडायला तरी कुठे धड येतं! मान-चूला यायचं. "आई गं, वाट मोकळी आहे, घाबरू नकोस. पूल आला बघ. ये, ओलांड." तिकडे जाताना एक पूल लागतो आणि आपल्या माणसानं हाक मारल्याशिवाय मेलेल्याचं पाऊल उचलत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

या कामाचा एक नियम होता. हाका संपल्या की घरच्यांनी लाल पाकीट द्यायचं, आत खडीसाखर. साखर जिभेवर ठेवली की तो आवाज मिटला. मिटल्याशिवाय तो घेऊन जिवंत माणसाच्या दारात जायचं नाही. तिला काम शिकवणाऱ्या बाईनं हे कान पिळून सांगितलं होतं, आणि मान-चूनं ते इतकी वर्षं पाळलं.

तिची आई, म्हातारी आ-किम, काँगवे गावात एकटी राहून शिंपल्यांतली कालवं सोलायची. ती म्हणायची, "आ-चू, तुझा तो आवाज मला एकदाच ऐकायचाय, पेटीत पडल्यावर. त्याआधी कानावर आला, तर मी समजेन की माझं आटोपलं." आणि खदखदून हसायची. मान-चू मात्र हसायची नाही. गावातलं काम आलं तर ती दुसरीला द्यायची.

अशा बाईला बिझनेस स्कूलच्या पायऱ्या चढायला लावल्या च्येन सरांनी. माणूस चांगला, हुशार, परदेशात शिकून आलेला. 'निवडणुका आणि व्यवस्थापन' हा त्यांचा विषय. गावप्रमुख साबणासारखा कसा विकावा, मतदाराला गिऱ्हाइकासारखं कसं जपावं, हे ते पोरांना शिकवत. त्यांचं स्वतःचं संशोधन जरा वेगळं होतं. जी म्हातारी माणसं मतदानाला जातच नाहीत, त्यांना फोनवरचा कोणता आवाज घराबाहेर काढेल? नटीचा आवाज झाला, बातम्या देणाऱ्याचा झाला. लोक पहिल्याच वाक्याला फोन आपटत.

मग त्यांची आई गेली, आणि घरच्यांनी मान-चूला बोलावलं.

"लू ताई," दिवसकार्य उरकल्यावर ते तिला म्हणाले, "तुम्ही पुलाची हाक मारलीत तेव्हा मी उठून उभा होतो. मला कुणी उठवलं नव्हतं. मी उठलो हे मला नंतर कळलं."

"होतं तसं कुणाकुणाला."

"तेच मला मोजायचंय."

मान-चूचे गुडघे रांगून रांगून कामातून गेले होते. खुर्चीत बसून बोलायचं काम कुणाला नको असतं? ती गेली.

आधी वर्गात नेलं. मागच्या बाकावरचा एक वात्रट पोरगा म्हणाला, "मावशी, परीक्षेच्या दिवशी एक हाक मारा ना, सर तरी उठून जातील!" वर्ग हसला, मान-चूही हसली. मग सरांनी खूण केली आणि तिनं एकच ओळ म्हटली. ओळ संपली तेव्हा मागचा अख्खा बाक उभा होता. तो वात्रट पोरगा खाली बसायला तयार होईना. शेजारच्या मुलीनं त्याची बाही ओढून त्याला बसवलं. सरांनी खूश होऊन फळ्यावर लिहिलं : प्रतिसाद.

नंतर आवाज टिपायचा होता. मान-चूनं कागद घरच्या आवाजात वाचला. काचेपलीकडून सरांनी मान हलवली.

"हा नको, ताई. तो."

"तो जिवंत माणसांसाठी नसतो, सर."

"मतदार जिवंतच असतो. निदान कायद्यानं." ते हसले. माणसाला शिक्षण फार झालं की भीतीचं जे ठिकाण ते कोरडं पडतं, हे माझं मत आहे, आणि ते मी कुणाला उसनं देत नाही.

कागदावर लिहिलं होतं : 'शनिवारी मतदान. पुलापलीकडच्या शाळेत. रस्ता मोकळा आहे, घाबरू नका, सोबत मिळेल. या.' किनाऱ्याकडच्या गावांत खाड्या फार, शाळा बहुधा खाडीच्या पलीकडेच. सरांनी सोयीसाठी लिहिलं होतं, त्यात त्यांचं काही वाकडं नव्हतं. पण 'पूल' हा शब्द आला आणि मान-चूचा गळा आपल्या आपण तिकडे वळला. अख्खा कागद तिनं त्या दुसऱ्या आवाजात वाचला.

सवयीनं तिनं हात पुढे केला. सर गोंधळले. "पैसे खात्यात येतील, ताई. विद्यापीठ हातात काही देत नाही." एवढ्या मोठ्या जागी चिमूटभर साखर कशी मागायची? तिनं हात मागे घेतला.

"कोणकोणत्या गावांना फोन जाणार?" तिनं विचारलं.

"संगणक चिठ्ठ्या काढतो. मलासुद्धा आधी सांगत नाही."

आईला सांगून ठेवायला हवं होतं. पण मग न मिटवता आवाज विकला हेही सांगावं लागलं असतं. मान-चूनं आईला कळवलं नाही.

मतदानाच्या आठवड्यात सरांचा फोन आला. आनंद पोटात मावत नव्हता. "ताई, कुणी फोन ठेवतच नाही! तुमचं बोलणं संपतं तरी कानाला धरून बसतात. नुसता श्वास ऐकू येतो. काही जण तर उत्तर देतात."

"काय म्हणतात?"

"बहुतेक जण एकच म्हणतात. 'आलो.'"

मान-चूनं तिथल्या तिथे आईला फोन लावला. घंटी वाजत राहिली. तिनं स्कूटर काढली आणि काँगवे गाठलं.

भर दुपारी गावात कालवं सोलण्याचा आवाज नव्हता. उंबरे झाडलेले, दारं सताड उघडी. शेजारचा आ-हुई काका एरवी बनियनवर विडी ओढत बसणारा; आज केस कापून, लेकाच्या लग्नातला कोट चढवून ओट्यावर बसला होता.

"काका, हे काय?"

त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. "शनिवारीच ना ग, आ-चू? की आधी निघायचं?"

"मतदान आहे काका! मत टाकायचं नि घरी यायचं."

"हो हो," तो समजूत घातल्यासारखा म्हणाला. "तूच तर बोलावलंस."

ती धावत घरात शिरली. मधल्या खोलीत देवांपुढे लाल कागद लावलेला होता. घरात मरण आलं की देवांनी बघू नये म्हणून लावतात तो. बाकांवर फळ्या टाकलेल्या, आणि त्यांवर पेटीसाठी शिवून ठेवलेले निळे कपडे घालून आ-किम उताणी पडली होती. छाती हळूहळू वरखाली होत होती.

"आई! अगं ऊठ! हे काय सोंग आहे?"

म्हातारीनं छताकडे पाहत विचारलं, "कोण आहे?"

"मी, आ-चू."

"आ-चूचा फोन येऊन गेला. मी मेले तरी मला कळलं नाही बघ. कालवं सोलतच बसले होते." ती जरा हसली. "चांगलं बोलली पोरगी. घाबरू नको म्हणाली."

"तो माझा नुसता आवाज होता ग, आई! यंत्रात भरलेला! सगळ्या गावाला तोच गेलाय."

"हो, सगळ्या गावाची सोबत आहे म्हणे," आ-किम म्हणाली. मान-चूनं भाताची पेज केली, हाताला धरून ओढलं, रडली, शिव्या दिल्या. घरच्या आवाजातलं एकही अक्षर त्या कानांत शिरलं नाही.

शनिवारी सकाळी काँगवेची म्हातारी माणसं घरांतून निघाली आणि एकामागे एक पुलाकडे चालू लागली. आ-किमही निघाली, निळ्या कपड्यांत, ओळखपत्र आणि सहीऐवजी उठवायचा नावाचा शिक्का मुठीत धरून. पुलावर मान-चू आडवी उभी राहिली. आई तिला वळसा घालून गेली, वाटेतल्या खांबाला घालतात तसा. शाळेतल्या पोरसवदा कारकुनांनी त्यांचे कपडे बघितले आणि खाली माना घालून मतपत्रिका दिल्या. मतं टाकून सगळे परत आले आणि आपापल्या मधल्या खोलीत जाऊन पडले.

आ-हुई काका हिवाळा संपायच्या आत गेला. म्हाताराच होता, डॉक्टर म्हणाले. कालवं सोलण्याचा आवाज काही घरांतून पुन्हा यायला लागला, काही घरांतून आलाच नाही. आ-किमच्या ओठांत मान-चू चमच्यानं पेजेचं पाणी सोडायची, तेवढंच तिच्या पोटात जायचं.

सरांच्या तक्त्यावर काँगवेची रेघ छतापर्यंत गेली होती. पुढच्या निवडणुकीसाठी विचारायला ते स्वतः गावात आले. मान-चूनं त्यांना मधल्या खोलीच्या दारात उभं केलं. फळ्यांवरची म्हातारी बघून त्यांचा चेहरा उतरला. आल्या कामाचं एक अक्षरही त्यांनी काढलं नाही.

"मी काय करू, ताई?" त्यांनी खरंच विचारलं.

"पाकीट द्या. साखर घालून."

त्यांनी दुकानातून आणून दोन्ही हातांनी दिलं. मान-चूनं साखर स्वतःच्या जिभेवर ठेवली, एक खडा आईच्या ओठांत सरकवला आणि घरच्या आवाजात हाक मारली. आईनं पापणीही हलवली नाही. खडा गालावरून घरंगळून गेला.

जेवणवेळ झाली होती. मान-चूनं पेजेचा वाडगा भरला, सरांना बाहेर व्हायला सांगितलं आणि फळ्यांपाशी गुडघे टेकले. मेलेल्यांना रोज जेवायला बोलावतात तशी हाक तिनं त्या दुसऱ्या आवाजात मारली. बाहेर रस्त्यावर सर चालता चालता थांबले.

"आई गं, ऊठ. जेवायला ये."

"आले," आ-किम म्हणाली, उठून बसली आणि वाडगा रिकामा होईपर्यंत जेवली. तेव्हापासून मान-चू आईला दोन्ही वेळा अशीच जेवू घालते.