काट्यांचा पाद्री आणि खाटीक

रविवारी दुपारी नेसा गावात वुल्फ्रानोच्या आखाड्यात मुखवट्यांच्या कुस्त्या व्हायच्या. आधी यायचा कास्काबेल नावाचा विदूषक. तो पोरांना हसवून हसवून मार खायचा. मग यायचा पाद्रे एस्पिना, म्हणजे काट्यांचा पाद्री: बोटांपर्यंत झाकणारा काळा झगा, पांढरा मुखवटा, त्यावर लाल दोऱ्याने शिवलेला काट्यांचा मुकुट. म्हाताऱ्या बायका त्याला बघून छातीवर क्रूस काढायच्या. आणि सगळ्यात शेवटी उघड्या अंगाने यायचा मातारिफे, म्हणजे खाटीक. तो काटेरी तारेवर लोळायचा, डोक्यावर ट्यूबलाइट फोडून घ्यायचा, टाचण्यांच्या ढिगावर पाठ टेकून हसायचा. अख्खा आखाडा त्याला शिव्या घालायचा.

हे तिघे एकच होते. फोर्तिनो सावालेता, घरचं नाव तिनो. ही गोष्ट त्याच्याखेरीज दोघांनाच ठाऊक होती. एक वुल्फ्रानो म्हातारा, जो या तिघांची कधी गाठ पडू द्यायचा नाही, आणि दुसरी रेमेदियोस, तिनोची बायको. तिन्ही मुखवटे तिनेच आपल्या मशीनवर शिवले होते.

रेमेदियोसला नवऱ्याचा अचंबा वाटायचा, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही तो ओसरला नव्हता. घरी हा माणूस बोटाला सुई टोचली तरी "आई गं" म्हणणारा. घेवड्याच्या वाटीत मिरची जास्त पडली की डोळ्यांतून पाणी काढणारा. पण मुखवट्याची नाडी आवळली की तो तो राहायचाच नाही. कास्काबेलची पावलं बाहेर फाकायची, पाद्रेची पावलं वाजायचीच नाहीत, आणि मातारिफे टाचा आपटत असा चालायचा की फळ्या थरथरायच्या. एकदा बोळात समोरून मातारिफे आला तेव्हा रेमेदियोस अंग चोरून भिंतीला चिकटली होती. स्वतःच शिवलेल्या कापडाला ती घाबरली होती! संध्याकाळी त्याच्याच पाठीतून चिमट्याने काचा काढताना तिने त्याला हे सांगितलं, तर स्वारी खूश.

राहता राहिली तिनोची आई, दोन्या फिदेन्सिया. पोरगं सायलेन्सर जोडायच्या वर्कशॉपमध्ये राबतं आणि ठिणग्यांनी भाजून घेतं, असं तिला सांगितलेलं होतं. म्हातारी खमकी होती. गच्चीवरून चप्पल भिरकावली तर शेजारच्या गच्चीवरचा कोंबडा नेमका कोलमडायचा. दर रविवारी संत्र्यांची पिशवी घेऊन ती पहिल्या रांगेत बसायची. पाद्रे एस्पिना आला की उठून त्याचा हात हातात घ्यायची.

"पाद्रे, माझं पोर वर्कशॉपमध्ये मरमर मरतंय. सांभाळ रे त्याला."

पाद्रे गंभीरपणे मान डोलवायचा. आणि मातारिफे आला की हीच बाई पदर खोचल्यासारखी तयार व्हायची.

"ए खाटका! तुझ्या आयशीने तुला उकिरड्यावरून उचललं काय रे?" आणि सणकन एक संत्रं. ते कधी दोरीला लागायचं, कधी पंचाच्या ढेरीला.

"आईचा नेम पार गेला बघ," तिनो घरी येऊन हसायचा. मग हसता हसता थांबायचा. "रेमे, तिला कधी कळता कामा नये. दर रविवारी आपण ज्याचं मरण मागतो तो आपलाच पोरगा, हे कळलं तर ती जगायची नाही."

मग वुल्फ्रानो वारला. मरताना त्याने मुलाला, रिगोला, आखाड्याच्या किल्ल्या दिल्या, विजेच्या तक्रारी सांगितल्या, पण मुखवट्यांचं गुपित पोटातच नेलं. या लोकांत मुखवट्यामागचं नाव पोटच्या पोरालाही सांगत नाहीत. रिगो बिचारा हुशार. त्याने बघितलं की गावाचा सगळ्यात लाडका पैलवान आणि सगळ्यात नावडता पैलवान आजवर एकमेकांशी लढलेलेच नाहीत! त्याने कुणाला न विचारता भिंतीभिंतीवर पिवळीगुलाबी पोस्टरं चिकटवली: पाद्रे एस्पिना विरुद्ध मातारिफे, मुखवट्याला मुखवटा. हरेल त्याने सगळ्यांसमोर तोंड उघडं करायचं, आपलं नाव, गाव आणि किती वर्षं लढलो ते सांगायचं. तो मुखवटा पुन्हा कधी चढवायचा नाही.

"पोस्टर मागे घे म्हणावं रिगोला," रेमेदियोस म्हणाली.

"मुखवट्याची पैज लागली की फिरत नाही गं. खुर्च्या मोडतील लोक."

"मग स्वतःशीच लढणार आहेस काय?"

एका मुखवट्यात दुसरं कुणी घालणं भागच होतं. मातारिफेच्या अंगावरचा वण नि वण गावाला पाठ होता, तिथे दुसरं अंग चाललं नसतं. झाकलेला असायचा तो पाद्रे. म्हणून तिनोने क्रिसोफोरोला बोलावलं. हा त्याचा तालमीतला जुना सोबती, गुडघ्याने अधू, जन्मभर उघड्या तोंडाने हरत आलेला. रेमेदियोसने पाद्रेचा मुखवटा त्याच्या मापाने उसवून शिवला. आरशात बघून क्रिसो मुसमुसून रडला. पाद्रेला हरवायची रिगोची छाती नव्हती, म्हाताऱ्यांनी आखाडा पेटवला असता. तेव्हा हरायचं कुणी ते ठरलेलंच होतं. कुणाला किती लागणार, ते मात्र कुणीच ठरवू शकत नव्हतं.

"आईला त्या दिवशी घरी ठेव," तिनो म्हणाला. "काहीही सांग. माझ्या पोटात दुखतंय सांग."

म्हातारी कसली ऐकते! "माझ्या पाद्रेची पैज, आणि मी घरात बसू?" ती सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. रेमेदियोस तिच्या शेजारी बसली.

त्या दुपारी रेमेदियोसने जे पाहिलं ते तिला शब्दांत सांगता येत नसे. क्रिसोला धड उडी मारता येत नव्हती. तिनोच त्याला हळूच खांद्यावर तोलायचा आणि मग असा काही उडून पडायचा की पाद्रेनेच भिरकावला वाटावं. एकटाच दोघांची कुस्ती लढत होता तो. तारेत गुंतला, सुटला, टाचण्यांवर आदळला, पाठ चाळणीसारखी झाली. लोक उभे राहून ओरडत होते. म्हातारीने मात्र एकही शिवी घातली नाही. संत्र्यांची पिशवी तिच्या मांडीवर तशीच.

शेवटी क्रिसोने ट्यूबलाइट उचलली. ठरलं होतं डोक्यावर मारायचं, पण गुडघा लचकला आणि काच तिनोच्या मानेवर फुटली. रक्ताची चिळकांडी उडाली.

तोच म्हातारी ताडकन उठली. संत्रं सुटलं आणि पाद्रे एस्पिनाच्या कानशिलावर फाटकन बसलं. पाद्रेच्या! म्हातारीचा नेम तसूभरही चुकला नव्हता.

पाद्रे हेलपाटत मातारिफेच्या अंगावर कोसळला आणि पंचाने मोजायला सुरुवात केली. मातारिफे उठला नाही.

तिनोने गुडघ्यांवर बसून स्वतःच नाडी सोडली. पहिल्या रांगेकडे न बघता तो म्हणाला, "नाव फोर्तिनो सावालेता. गाव तेपेओहूमा. वीस वर्षं." आणि खाली मान घालून बसून राहिला, शिक्षेची वाट बघणाऱ्या पोरासारखा.

दोन्या फिदेन्सिया पिशवी घेऊन दोरीपाशी गेली. आधी ती पाद्रेकडे वळली. पाद्रे घाबरून मागे सरकला.

"पाद्रे, संत्र्याची माफी असू दे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तेवढं माझ्या पोराला सांभाळ. वर्कशॉपमध्ये असतो." आणि तिने क्रिसोचा हात कपाळाला लावला.

मग ती दोरीखालून आत शिरून मुलासमोर बसली आणि संत्रं सोलायला लागली.

"आई," तिनो म्हणाला, "तुला कधीपासून..."

"मेल्या, ही पाठ मी न्हाऊ घातलीय. पहिल्याच रविवारी ओळखली."

"मग इतक्या शिव्या?"

"खाटकाला कुणी शिव्या घातल्या नाहीत तर त्याला आखाड्यात ठेवतील का रे?" तिने एक फोड त्याच्या रक्ताळलेल्या तोंडात घातली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची तिला शुद्ध नव्हती. "खा. आणि इतक्या जवळून दर रविवारी नेम चुकवायचा म्हणजे काय असतं, ते तुला काय ठाऊक!"